डेलची काठी, आमची गुढी

पाडव्याच्या सकाळी जिन्याखाली पडलेला लांबलचक पाइप मी उचलून आणला आणि त्याची गुढी उभारली. आखातातल्या आमच्या करामा वस्तीत लोक जुने पलंगसुद्धा जिन्याखाली टाकून जातात, त्यामुळे चोरीचा विचार मनाला शिवला नाही. दरवर्षी पडद्याच्या रॉडवर भागवणाऱ्या माणसाला एवढी उंच गुढी म्हणजे बढतीच. फोटो काढायला लेकीबरोबर खाली उतरलो, तर आमचा तांब्या थेट वरच्या मजल्यावरच्या डेलच्या खिडकीसमोर लटकत होता आणि डेल त्याच्याकडे बघत होता.

"बाबा, दॅट्स हिज पोल," लेक म्हणाली.

डेल अमेरिकन. आता शाळेत खेळाचा मास्तर, पण उमेदीची वर्षं गेली ती बांबूउडीत. या माणसाला बसणं माहीत नाही. चहा उभ्यानं, जेवण येरझाऱ्या घालत. कुठल्याही दारातून शिरताना चौकटीकडे बघून, दांडी न पाडता पार झाल्यासारखं, "क्लिअर" म्हणणार. आमच्या गणपतीच्या मखरालाही म्हणाला होता. हिनं तो आशीर्वाद मानला.

आपली कारकीर्द त्यानं मला जिन्यातच, दोन-दोन पायऱ्या चढत सांगितली. कॉलेजात राज्यात पहिला. ऑलिंपिकच्या निवडीत कोपर लागून आडवी दांडी पडली. मग युरोपभर लहानसहान स्पर्धा.

"काठ्या विमानात घ्यायला नकार द्यायचे. एअरपोर्टवर जेवढा भांडलो तेवढा बायकोशी भांडलो नाही. ती न भांडताच गेली."

नेमकी पाडव्याच्याच दुपारी अबू धाबीला वयस्कर खेळाडूंची स्पर्धा होती. तिथं शेवटची उडी मारायची आणि खलास, हे तो महिनाभर सांगत होता.

आम्ही घरात परततो तोच, स्वतःचं दार उघडं टाकून तो वरून आमच्याकडे धावत आला. मी माफी मागत गुढीला हात घातला, तोच ही म्हणाली, "अहो, पूजा झालीय. आता दिवस कलल्याशिवाय उतरवायची नाही."

मी अडखळत डेलला समजावलं. "दुसरी काठी आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "पण राहू दे. थांबतो." आणि चक्क सोफ्यावर बसला.

येरझाऱ्या आता मी घालत होतो. एका माणसाची शेवटची उडी आमच्या बाल्कनीत जरीचं कापड गुंडाळून उभी होती. "ही म्हणतेय ते सोड, काढतो मी. यल्ला, चल, टॅक्सीनं अजून पोचशील."

"बस रे," डेल मला म्हणाला. त्यानं कडुनिंब चावला, तोंड वाकडं केलं, "क्लिअर" म्हणाला. श्रीखंड दोनदा मागून घेतलं. तांब्या उपडा का, साखरेची माळ कशाला, हे हिला विचारत बसला. स्पर्धेची वेळ टळली तेव्हा तो लेकीबरोबर पत्ते खेळत होता.

दिवस कलल्यावर गुढी त्यानंच उतरवली. कापडाची नीट घडी केली, काठी खांद्यावर टाकली आणि वर गेला.

मी डोकं धरून बसलो. "माझ्यामुळे त्याची उडी हुकली."

ही ताटं उचलत होती. "मघाशी त्याचं उघडं दार ओढून घ्यायला वर गेले होते," ती म्हणाली. "आत भिंतीकडेला अजून चार काठ्या आहेत. तुम्ही त्याला काही विचारू नका."