मध्यंतरापर्यंतचा परब

हवेत उडणारा हिरो पडद्यावर आला की अख्खं थिएटर त्याच्या तोंडाकडे बघतं. आमच्या शेजारचा दत्ताराम परब त्याच्या कमरेकडे बघायचा. तिथे दोरी असते. ती शोधायची, मोजायची आणि संध्याकाळी इमारतीच्या जिन्यावर बसून निकाल द्यायचा. "तीन धागे आसत. डावीकडचो ढिलो. माणूस पडतलो एक दिवस."

परब गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. चालत्या मागावरचा तुटलेला धागा त्याला लांबून दिसायचा, तर सत्तर एमएमच्या पडद्यावरची दोरी काय लपणार? संपानंतर गिरणी सुटली, भांडुपला औषधांच्या गोदामात त्याला काम मिळालं आणि तो मुलुंडला आमच्या शेजारच्या खोल्यांत राहायला आला. बरोबर बायको आणि सासू. सासूचं अर्धं अंग गेलेलं. ती कधी दाराबाहेर आली नाही, त्यामुळे मीही तिचा कधी विचार केला नाही.

विचार करायचो तो परबचा. कारण तो येण्याआधी तो जिना माझा होता.

मी विमा कचेरीत कारकून, पण सिनेमातला जाणकार म्हणून इमारतीत माझा दबदबा होता. शुक्रवारी पहिला शो बघायचा आणि रात्री जेवणाआधी जिन्यावर सगळी गोष्ट सांगायची. दिग्दर्शन कुठे घसरलं, पटकथा कुठे ताणली, तेही सांगायचो. ते कोणी ऐकत नसे, पण ऐकल्यासारखं करत. परब आला आणि दोन महिन्यांत माझे श्रोते एकेक करून त्याच्या पायरीकडे सरकले. तळमजल्यावरचे नेने तर मी आणून दिलेल्या नाटकाच्या पासांवर जगलेला माणूस. तेही गेले. मी जळायचो. याला दुसरा सभ्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

बरं, त्याची मतं तरी काय? अदृश्य होणाऱ्या हिरोचा सिनेमा आला तेव्हा म्हणे, "दिसणा नाय तेची हजेरी कशी मांडतले?" तीन भाऊ जत्रेत हरवतात त्या सिनेमावर म्हणे, तिघांच्या सदऱ्याचं कापड एकाच ताग्यातलं आहे, एवढ्यावरून पोलिसांनी पहिल्या दिवशीच ओळखायला हवं होतं. लोक पोट धरून हसायचे. माझ्या पटकथेवर कधी कोणी हसलं नव्हतं.

त्यात त्याची ती हप्त्याहप्त्यानं सांगायची युक्ती. शनिवारी दुपारी तीनचा शो बघायचा आणि सातला जिन्यावर येऊन फक्त मध्यंतरापर्यंत सांगायचं. हिरो कड्यावरून खाली पडतोय, आणि परब धोतर झटकून उठायचा. "पुढचा उद्या." कितीही विनवण्या करा, एक शब्द जास्त नाही. अख्खी इमारत रविवार संध्याकाळची वाट बघत बसायची. मी मात्र इतकी वर्षं सगळा सिनेमा एका बैठकीत ओतून रिकामा होत आलो होतो. हे मला आधी का सुचलं नाही, म्हणून मी स्वतःवरही जळत होतो.

आणि रविवारचा परब वेगळाच. दोऱ्या नाहीत, धागे नाहीत. नायिकेने कुठल्या प्रसंगी कुठलं पातळ नेसलं होतं, थोरल्या वहिनीला ताट वाढताना काय वाटलं असेल, असलं बारीक बारीक सांगायचा. त्यात एक गोष्ट मला फार खुपायची. परबच्या सिनेमात हिरोची आई कधीच मरत नसे. मी शुक्रवारी तिला गोळी घातलेली असायची, रविवारी परब तिला वाचवायचा. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं की ती मेली, मी डोळ्यांनी बघितलंय. परब शांतपणे म्हणाला, "तेवा तू भायर गेललंस असतलंस." नेने म्हणाले, परबचा शेवट जास्त पटतो. काही जणांनी तो सिनेमा बघितला आणि येऊन सांगितलं की परबने सांगितलेला चांगला होता.

मग मी ठरवलं. याच्याच शोला जायचं, मागे बसायचं, आणि रविवारी जिन्यावर याची खोटी आई उघडी पाडायची. हे मी नेन्यांना आधी सांगूनही ठेवलं.

सिनेमा नवा होता. पाठीला कापड बांधून इमारतींवरून उडणारा हिरो, लहानपणी ताटातूट झालेली आई आणि काळा चष्मा घातलेला मामा. परब माझ्या पुढे चार रांगांवर. मध्यंतराचे दिवे लागले तसा तो उठला आणि दारवानाकडून बाहेर जायचा पास घेऊन फाटकाशी गेला. मी गर्दीत मागोमाग. पानवाल्याच्या आडोशाला त्याची बायको उभी होती. चांगलं पातळ, डोक्यात अबोली, चालत आल्यामुळे धाप लागलेली. परबने पास तिच्या हातात दिला आणि भराभर सांगायला लागला.

"हिरोची आवस जिती आसा, पण तेका म्हायत नाय. चष्मावालो मामा बरो दिसता, तेच्यावर भरवसो ठेव नको. आणि डावीकडचो धागो बघ."

ती म्हणाली, "आवशीक चाय दिलंय. पाच वाजता औषध. कुशीवर करूक इसरू नका."

घंटा झाली. ती आत गेली, तो घराच्या रस्त्याला लागला, जवळजवळ पळतच.

मी तसाच उभा राहिलो. पुराव्यासकट चोर पकडला होता, आणि हातात काहीच नव्हतं. म्हातारीला एकटं ठेवता येत नाही, म्हणून या दोघांपैकी कोणीही आजवर एकही सिनेमा अख्खा बघितलेला नव्हता. तो मध्यंतरापर्यंत, ती मध्यंतरानंतर. शनिवारी परब अडून बसायचा, त्यात युक्ती कसली? त्याला पुढचं माहीतच नसायचं.

मी आत जाऊन बसलो. परबच्या खुर्चीवर त्याची बायको. शेवटी मामाने आईला गोळी घातली आणि आई हिरोच्या मांडीवर मेली, चांगली पाच मिनिटं मेली. परबची बायको पदर तोंडाला लावून रडत होती.

आमची आणि परबांची गॅलरी एकच, मध्ये फक्त लाकडी फळी. त्या संध्याकाळी परब जिन्यावर अर्धा सिनेमा सांगून घरी आला, तेव्हा मी फळीपाशी दोरीवरचे कपडे काढायचं निमित्त करून उभा होतो. म्हातारीला कमी ऐकू येत असणार, कारण बायको मोठ्याने सांगत होती. पातळं, ताटं, वहिनी, सगळं. म्हातारी मधूनमधून घशातून आवाज काढत होती. मग गोळीचा प्रसंग आला आणि बायको जरा थांबली.

"मगे?" परबने विचारलं.

"मगे काय? वाचली."

"खरांच वाचली?"

"वाचली म्हणतंय ना."

 परब म्हणाला, "बरा झाला." म्हातारीही काहीतरी पुटपुटली. मी वाळलेले कपडे तसेच दोरीवर ठेवून आत आलो.

रविवारी जिना भरला होता. परबने आईला हिरोच्या पाठीवर बसवलं आणि ढगांतून उडवत घरी आणलं. नेने माझ्याकडे वळले. "काय रे, काल तू त्याच्याच शोला होतास ना? मेली की वाचली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. परबही बघत होता. दोरी शोधताना बघायचा तसाच.

"वाचली," मी म्हटलं. "आणि डावीकडचा धागा ढिला आहे."

माझी जळजळ तिथे संपली असं वाटत असेल, तर तसं नाही. आता ती जास्तच वाढली. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी आणि कुंदा शेजारी शेजारी बसून शेकडो सिनेमे बघितले असतील. घरी येताना मी विचारायचो, कसा वाटला? ती म्हणायची, "अहो, तुम्ही होतात की शेजारी."

पुढच्या शनिवारी मी तिला तीनच्या शोला नेलं आणि मध्यंतरात उठून म्हटलं, तू बघ, मी घरी जातो, मला येऊन सांग. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. संध्याकाळी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "ठीक होता."

मी खुर्ची घेऊन गॅलरीत गेलो. फळीपलीकडे त्याच सिनेमाचा उत्तरार्ध सुरू झाला होता. थोड्या वेळाने कुंदाही स्टूल घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून ऐकायला लागली. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं, "अहो, हे सगळं त्यात होतं?"

मला काय माहीत? मी मध्यंतरालाच उठून आलो होतो.