दवाला लिंग कसलं?

इस्रायलमधल्या त्स्फात या डोंगरगावातल्या त्या गल्लीत पहाटे ढग उतरले, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पुस्तकांची बांधणी करणारा ताल अझुलाय पाव आणायला निघाला, तो बेकरीच्या भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या चौकटीतल्या मृत्युसूचनेपाशी थबकला. ‘आमचा ताल अझुलाय आम्हांला सोडून गेला. दफन आज सकाळी आठ वाजता.’

त्यानं दोनदा वाचलं, मग स्वतःची नाडी पाहिली. आत बेकरीवाल्या मनाशेनं त्याच्याकडे बघितलं, पाव ठेवला आणि पाठ फिरवून स्तोत्र पुटपुटू लागला. वाटेत शेजारीण फ्रेहा भेटली. त्यानं ‘बोकेर तोव’ म्हणून सुप्रभात केलं, तशी डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून ती भिंतीला चिकटली. मग मात्र तालनं पावलं उचलली. आपल्याला न सांगताच काही उरकलं तर गेलं नाही ना?

दफन मंडळाच्या कचेरीत कारकून पिन्हासनं वही उघडली. गेलेली एक बाई होती, नाव तेच, आडनावही तेच. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी.

“मग ‘गेला’ का छापलंत?”

“आम्ही दिला तो मजकूर छापतो. ताल बाप्याही असतो, बाईही. ताल म्हणजे दव. दवाला लिंग कसलं?” पिन्हासनं चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. “शेवटच्या दिवशी मेलेले दवानंच उठणार म्हणतात. तुम्ही जरा लवकर उठलात.”

ताल तसाच दफनभूमीकडे धावला. धुक्यातून कबरींमधून तो वर आला, तेव्हा सगळी गल्ली तिथं रडत उभी होती. स्तोत्र मध्येच थांबलं. कोणी हललं नाही. पुढं आली ती एक अनोळखी मुलगी, मृत बाईची भाची सिगालित.

“मजकूर आत्यानंच लिहून ठेवला होता,” ती खालमानेनं म्हणाली. “मुद्दाम तसा. म्हणायची, मला पोचवायला कोण येणार? त्या तालच्या नावानं गल्ली लोटेल.”

“ती मला ओळखायची?”

“तुमची पत्रं चुकून तिच्याकडे यायची. वाचून परत पाठवायची. माझ्यामागं कद्दिशची प्रार्थना म्हणायला मुलगा नाही, म्हणाली, पण तो चिडून का होईना, येईल.”

तालला तिचा राग यायला हवा होता. पण पांढऱ्या कापडातली ती आकृती फार लहान होती. तो कद्दिश म्हणायला कबरीपाशी उभा राहिला. मृताचं नाव विचारलं गेलं, तेव्हा त्यानं आपलंच नाव सांगितलं, आणि प्रार्थना सुरू केली.

गल्लीनं आमेन म्हटलं. मनाशेनं आधी त्याची बाही चाचपली, मग म्हटलं.