बॉनेटवरचा साहेब

शाहेरच्या पदरात त्या दिवशी पडणार होतं ते एवढं: रॉकेलच्या शेगडीसमोरची गादी, मसुराच्या सूपाचं पातेलं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत साहेबांचं तोंड न बघणं. अम्मानमध्ये चार वर्षांनी बर्फ पडत होता. सरकारनं आदल्या दुपारीच सुट्टी जाहीर केली, आणि अख्ख्या शहरासारखं शाहेरनंही बेकरीपुढे दोन तास उभं राहून अकरा किलो रोट्या आणल्या. बर्फ एका दिवसाचा, रोट्या वेढा पडल्यासारख्या.

नऊला तो गादीवर आडवा झाला. साडेनऊला खिडकीतून बायको हिंद म्हणाली, "अहो, उतारावरून एक गाडी येतेय. आडवी."

त्या उतारावर सकाळपासून सगळ्याच गाड्या आडव्या येत होत्या. खालच्या मजल्यावरचे हाजी मुफलेह आणि त्यांचे दोन म्हातारे दोस्त दारात खुर्च्या टाकून तेच बघत बसले होते. ही गाडी दीड गिरकी घेऊन इमारतीच्या फाटकाला अलगद टेकली आणि तिच्यातून उतरले रिफअत साहेब, शाहेरच्या जमीन नोंदणी कचेरीचे मुख्य. रोट्या आणायला निघाले होते.

शाहेरनं पडदा ओढून घेतला, पण उशीर झाला होता. शाहेर तिसऱ्या मजल्यावर राहतो, घरीच आहे, अशा दिवशी जाणार कुठे, हे हाजींनी साहेबांना आधीच सांगून टाकलं होतं. नुसतं सांगून थांबले नाहीत, चौघे मिळून वर आले.

पाहुणे आले म्हणजे दिवाणखाना उघडायचा. शेगडी तिकडे गेली, हिंद आणि मुली मागच्या खोलीत गोधड्यांत गेल्या. मेंढीच्या कातड्याचे झगे घालून चौघे ओळीनं बसले. कॉफी आली. साहेबांनी छोटा पेला उचलला आणि ओठाला न लावता समोर ठेवून दिला.

सगळ्यांच्या नजरा त्या पेल्यावर खिळल्या. मागणं घेऊन आलेला माणूस पेला असाच ठेवतो आणि यजमानानं होकार दिल्याशिवाय उचलत नाही. ती कॉफी गार झाली तर घराची अब्रू गेली. हाजींनी चाळीस वर्षं लोकांच्या सोयरिकी आणि समेट याच पेल्यावर जुळवले होते. ते ताठ बसले.

"शाहेर, पाहुण्याची कॉफी निवतेय बाबा."

शाहेरला दिसलं कचेरीचं तळघर, आणि तिथं तीन वर्षं नीट न लावलेल्या फायली. सुट्टीच्या दिवशी साहेब दुसरं काय मागणार? पण तीन म्हातारे रोखून बघत होते.

"प्या साहेब," तो म्हणाला. "तुमचं काम झालं म्हणून समजा."

साहेब गोंधळले. बोटं गारठली होती, पेला धरवेना म्हणून खाली ठेवला, असं काहीतरी ते सांगू लागले. हाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मिळालेला शब्द परत करायचा नसतो, साहेब. यजमानाचा अपमान होतो. आता काहीतरी मागावंच लागेल."

साहेबांनी विचार केला. शाहेर मनात फायली मोजत होता. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली एकाआड एक गाडीच्या बॉनेटवर बर्फाचा माणूस उभा होता.

"मला तसला एक हवा," साहेब हळूच म्हणाले. "मला कधी कोणी करून दिला नाही."

कोणी हसलं नाही. मागणं ते मागणं. साहेबांनी गार कॉफी एका घोटात संपवली.

साडेदहापासून एकपर्यंत शाहेर साहेबांच्या गाडीच्या बॉनेटपाशी बर्फात होता. हातमोजे घरात नव्हते, म्हणून हातात पायमोजे आणि त्यांवर रोट्यांच्या पिशव्या. वर खिडकीत चौघे सूप पीत देखरेख करत होते. हाजींना पोट कमी वाटत होतं, साहेबांना मिशी जरा वर हवी होती. शेवटी ते ध्यान इतकं हुबेहूब साहेबांसारखं उतरलं, की कचेरीतल्या एका कारकुनानं जाताजाता आधी त्याला सलाम केला आणि मग ते बर्फाचं आहे हे पाहिलं.

संध्याकाळी गाडी काढायची तर तो पुतळा मोडावा लागला असता. साहेबांनी त्याला हात लावू दिला नाही. ते मुक्कामाला राहिले, शेगडी त्यांच्या उशाशी. मागच्या खोलीत पाच गोधड्यांखाली हिंद म्हणाली, "मिशी मात्र छान जमली हो."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली. दोघे हातात हात घालून, घसरत, चिखल तुडवत अडीच तास उशिरा पोचले. साहेबांनी शिपायाकडून हजेरीपट मागवला आणि लाल पेन काढलं. पेन क्षणभर थबकलं, पण नियम नियमच. साहेबांचं स्वतःचं नाव त्या पटावर नसतं.

शहराला बर्फ फुकट पडला. हाजींना सूप मिळालं, साहेबांना बॉनेटवर साहेब मिळाला. खर्च एकाच नावावर पडला: शाहेर, अर्धी रजा.