कामिनीवहिनींच्या पार्लरमधलं रडगाणं

नंदुरबार जिल्ह्यातला सर्वांत तल्लख गुप्तहेर कोण, हे मला विचारू नका. स्वतःचं कौतुक मला आवडत नाही. नाव तेवढं सांगतो : हेमकांत. रनाळे गावची हरवलेली म्हैस मीच शोधली होती. तोवर ती गोठ्यात परतली होती, हा तिचा उतावीळपणा.

कामिनीवहिनींच्या पार्लरमध्ये बायका पिंजारलेले केस सरळ करायला हसत जायच्या आणि डोळे पुसत, खोकत बाहेर पडायच्या. वहिनींचा खोकला तर थांबतच नव्हता.

"आसंच चालनं तं दुकान बंद करनं पडी, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी गिऱ्हाइकाच्या वेषात आत शिरलो. माझ्या डोक्यावर सरळ करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. शेजारी भाविका नावाची नवरी केसांना क्रीम लावून गरम इस्त्रीखाली रडत होती. म्हणजे तिचं मन दुसऱ्या कुणावर! मी तसं विचारलं. तिनं ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून तो तर्क मी मागे घेतला.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मिरची! पार्लरमागेच मिरच्या वाळवायची पथारी. हंगामात वहिनी खिडकी बंद ठेवायच्या, तरी फटी होत्याच. मी त्या कागद कोंबून बुजवल्या. दार लावलं. थोड्याच वेळात आम्ही तिघंही घळाघळा रडत होतो आणि वहिनींना श्वास घेववेना.

धाडकन दार उघडून वहिनींच्या सासूबाई, तापीबाई, आत आल्या.

"खिडकी उघाड आधी!"

"मावशी, मिरची!" मी ओरडलो.

"कोठे शे मिरची? पथाऱ्या उठीसन महिना व्हयना! तू बाहेर देखं का?"

त्यांनी खिडकी उघडली. बाहेर मोकळं मैदान होतं. मिरचीचं देठसुद्धा नव्हतं. हंगाम संपला होता आणि खिडकी उघडायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

भाविकानं क्रीमची बाटली हुंगली. बाटलीवर कोरफडीचं गोजिरवाणं चित्र होतं. "कॉलेजात बेडूक ठेवायच्या बरणीला हाच वास यायचा. फॉर्मॅलिन. इस्त्री लागली की वाफ होऊन नाकात जातं. धुवा हे, वहिनी. लग्नाला कुरळीच उभी राहीन."

"माझाही संशय क्रीमवरच होता," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

वहिनी खिडकीला टेकून धापा टाकत होत्या. "गिऱ्हाइक एकदाव रडीसन घर जास," त्या म्हणाल्या. "मी तं रोज आठेच, या वाफमा उभी ऱ्हास."

मी फटींत कोंबलेले कागद एकेक करून काढायला लागलो.