गिरिजा मुळीक हिने कोठे उभे राहावे, त्या खलबताची हकीकत

श्री. ज्या टोपलीस तळ नाही, जीत पडले ते राहत नाही, आणि तरीही लहानथोर जीकडे मान वर करून पाहतात, त्या लोखंडी कड्यास नमन करून हे लिहिले असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी बास्केटबॉलच्या राज्यी मोठा पेच पडला. तो मजकूर ऐसा जे, त्या राज्याचा रिवाज होता की पोर मैदानात दाखल जाहले म्हणजे खांबास पाठ लावून उभे करावे, डोक्यावर रेघ ओढावी, आणि जिची रेघ सर्वांत वर तिने टोपलीखालचा मोर्चा सांभाळावा. रेघ एकदाच ओढीत. फिरून कोणी पाहत नसे. गिरिजा मुळीक बारा वर्षांची असता आली, तेव्हा तिची रेघ ऐसी वर गेली की प्रशिक्षक व्यंकटराव ढमढेरे, जे त्या मैदानाचे सेनापती, बहुत संतोष पावले, पेढे वाटले, आणि मुलगी टोपलीखाली उभी केली. मग तिने तीन वर्षे धक्के खाल्ले, कोपरे सोसली, आणि चेंडू हाती आला की लागलाच दुसरीस द्यावा ऐसा हुकूम होता, तो मुकाट पाळिला. इकडे मैत्रिणी वाढत गेल्या आणि गिरिजाबाई होत्या तेवढ्याच राहिल्या, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत जाहले आणि एकासही दिसले नाही, आता काय म्हणावे!

मग राज्य संघाचे निवडकर्ते स्वारी करून आले आणि स्पष्ट बोलले की टोपलीखाली ही बुटकी पडते, आणि चेंडू खेळवीत पुढे आणण्याचे काम हिने कधी केले नाही. तरी अंतिम सामना पाहू, मग ठरवू. तेव्हा सर्वांचे धाबे दणाणले आणि क्लबाच्या खोलीत खलबत बसले. कारभारी मुकुंदपंत आगाशे बोलले की मुलीचे मामा सहा फुटी आहेत, त्याअर्थी मुलगी अजून वाढेल, धीर धरावा. सेनापतींनी मामांच्या चपलेचे माप मागविले. कोणी म्हणे कडेस उभी करून लांबून नेम धरवावा, कोणी म्हणे ही पुढे देशाकडून खेळेल, कोणी म्हणे हिचे आताच आटोपले. आणि चहा आला, आणि भजी आली, आणि वाद ऐसा रंगला की मुलगी दारात उभी आहे हे कोणाच्या ध्यानी आले नाही. मग तीच आत येऊन बोलली, "सर, टोपली कायम माझ्या पाठीमागे असते. मला ती समोर ठेवून खेळायचंय. नाहीतर उद्यापासून मी येत नाही."

सेनापतींचा चेहरा उतरला, कारण पोर त्यांची लाडकी, आणि तिला तेथे रोवली ती त्यांनीच. गृहस्थ तापट खरे, परंतु मनाचे कोते नव्हते. तसेच उठले, मुलीस खांबाशी नेले, जुनी रेघ पाहिली. ती तिच्या डोक्याच्या जेमतेम खाली. मग म्हणाले, "सामन्यात चेंडू तू आणायचास. चुकलीस तरी बाहेर काढणार नाही."

मग सामना जाहला. गिरिजाबाईंनी आरंभीच चेंडू गमाविला, फिरून गमाविला, आणि प्रेक्षक ओरडू लागले, आणि मुकुंदपंत सेनापतींची बाही ओढू लागले की काढा तिला, लाज जाते. सेनापतींनी हात पाठीशी धरले ते सोडले नाहीत. मग हळूहळू मुलीचा जीव थाऱ्यावर आला, आणि दोघींच्या मधून चेंडू ऐसा सफाईने काढून दिला की शत्रूपक्षानेही वाहवा केली. तथापि सामना हातचा गेला. निवडकर्ते "यंदा नाही" म्हणोन निघोन गेले.

सेनापती भीत भीत तिच्यापाशी गेले आणि विचारते जाहले, "उद्या येशील ना?"

ती बुटांच्या नाड्या सोडीत होती. म्हणाली, "लवकर येऊ का, सर? माझा डावा हात चेंडूवर अजून चालत नाही."

सेनापतींस हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यावर घातला. येणेप्रमाणे जाहले ते लिहिले. मुलीचे पुढे काय होणार, यावर खलबत अद्यापि चालू आहे आणि भजी रोज येतात; मुलगी मैदानावर असते, तिला खलबतास बसण्याची फुरसत नाही.