साहेबांकडचा बोल्ट

पट्टा सरळ कसा चालवायचा, हे मला विचारा! दुसऱ्या कुणाला विचारायला जाऊ नका. साबणाच्या कारखान्यात मी पट्ट्यांचा मिस्त्री आहे. वड्या कापल्या की त्या रबरी पट्ट्यावर बसतात आणि हॉलच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, पॅकिंगपर्यंत जातात. पट्टा फिरतो दोन ड्रमांवर, आणि फिरता फिरता हळूच एका कडेला सरकतो. हा त्याचा जन्मजात स्वभाव. त्याला पुन्हा मध्ये आणायचं, हे माझं काम. माझ्या पट्ट्यावरून आजवर एक वडीसुद्धा खाली पडलेली नव्हती! यातला 'नव्हती' हा शब्द जरा लक्षात ठेवा.

आमची ही त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. म्हणजे मी पाठवलेली वडी शेवटी तिलाच निस्तरावी लागते. घरीही साधारण तसंच चालतं. तर झालं असं, की मोठमोठी दुकानं चालवणाऱ्या एक बाई आमची लाइन बघायला येणार होत्या. साहेबांनी हिला सांगून ठेवलं, "बाईंसमोर लाइन नीट चालली आणि ऑर्डर मिळाली, तर लाइनच्या प्रमुख तुम्ही. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल." पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून हिच्या टाचा झिजल्या होत्या. तिला ती जागा किती हवी होती, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आदल्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "पट्टा बसवून गेलेल्या माणसाला एकदा बोलवायचं का?"

"कशाला? घरात मिस्त्री असताना?"

"दुपारपासून कडेला चालतोय तो."

"कडेला म्हणजे बोटभर! उद्या चालता चालता मध्ये आणतो. तू अगदी निर्धास्त राहा!"

"तुम्ही निर्धास्त राहा म्हणालात की मला झोप लागत नाही," ती म्हणाली.

मदतीला मी मेहुण्याला घेतलं. हिचा धाकटा भाऊ. चांगला मिशाबिशा असलेला बाप्या माणूस, नुकताच आमच्या कारखान्यात लागलेला. पान्यावर हात उत्तम. फक्त सांगितलं तेवढंच करतो. त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही!

मी त्याला घरीच शिकवायला घेतलं. दोन लाटणी काढली, हिची ओढणी त्यांच्याभोवती गुंडाळून गाठ मारली, एक लाटणं त्याच्या हातात दिलं.

"हे बघ. पट्टा ज्या कडेला पळतो, त्याच कडेचा बोल्ट आवळायचा. मग तो निमूट माघारी येतो."

"म्हणजे ज्याच्याकडे पळून गेला, त्याचाच कान पिळायचा?"

"शाब्बास! पण थोडासाच. मग थांबायचं. पट्ट्याला समजायला वेळ लागतो."

"समजलं, भावोजी."

"आणि उद्या कारखान्यात भावोजी म्हणायचं नाही. मिस्त्री म्हणायचं!"

"बरं, भावोजी."

"माझी ओढणी उसवली ना," आतून आवाज आला, "तर मी दोघांचेही कान पिळीन!"

शिकवणी अशी झकास झाली. फक्त एक गोष्ट सांगायची राहून गेली. आमच्याकडे पट्ट्याला डावं-उजवं नसतं. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं, आणि मग भांडणं! म्हणून जुन्या लोकांनी कडांना नावंच पाडून ठेवली. एका भिंतीला साहेबांची केबिन होती, ती कड 'साहेबांकडे'. समोरच्या भिंतीला चहाचा कट्टा, ती कड 'चहाकडे'. पुढे साहेबांची केबिन चहाच्या बाजूला हलवली आणि जुन्या केबिनच्या जागी बाथरूम बांधलं. साहेब हलले, पण नाव काही हललं नाही. आम्ही आजही बाथरूमकडच्या कडेला 'साहेबांकडे' म्हणतो! मेहुणा नोकरीला लागला तो केबिन हलल्यानंतर. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि मला ते सांगायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. बारीक चणीच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. साहेब त्यांना पट्ट्याच्या कडेकडेने सगळं दाखवत निघाले. मी पॅकिंगच्या टोकाला स्टुलावर चढून उभा होतो, कारण तिथून पट्टा नाकासमोर दिसतो. मेहुणा पाना घेऊन पलीकडच्या टोकाला, बोल्टांपाशी. ही टेबलाशी, नवीकोरी टोपी घालून.

पट्टा बोटभर सरकलेलाच होता, बाथरूमच्या बाजूला. मी ऐटीत हाक दिली, "साहेबांकडे पळतोय रे! साहेबांकडचा आवळ!"

मेहुण्याने साहेबांच्या केबिनकडे एकवार बघितलं, मान डोलावली आणि खाली वाकला. आवळला गडी! पण आवळला तो चहाच्या बाजूचा. मला एवढ्या लांबून त्याचं नुसतं टाळकं दिसत होतं.

मी थांबलो. पट्ट्याला समजायला वेळ लागतो. पट्ट्याला समजलं, आणि तो आणखी चार बोटं बाथरूमकडे गेला.

"अजून आवळ!" मी ओरडलो. "साहेबांकडचा फारच ढिला आहे!"

साहेब जागच्या जागी थांबले. त्यांनी नकळत स्वतःच्या कमरेचा पट्टा चाचपून बघितला.

"काय ढिलं आहे म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, ती आपली त्यांची कामाची भाषा आहे," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर स्टुलावरून उतरला असता.

मी उतरलो नाही. कारण तेवढ्यात पहिली वडी खाली पडली. टप्प! हिने चमकून माझ्याकडे बघितलं. मी हातानेच 'निर्धास्त राहा' अशी खूण केली. मग दुसरी पडली, आणि मग वड्या रांगेने पडायलाच लागल्या.

"अरे, जोर लाव!" माझा आवाज टिपेला गेला. "साहेबांकडे सगळा माल वाया चाललाय! साहेबांना आवरा कुणीतरी!"

मेहुणा जीव खाऊन आवळत होता. तो जितका आवळेल तितका पट्टा पळेल! मी विचार केला, आता एकच उपाय. समोरचा बोल्ट सैल करायचा, म्हणजे चहाकडचा.

"सोड!" मी ओरडलो. "सोड आता! चहाकडे!"

मोटरच्या घरघरीत त्याने ते नीट ऐकलं आणि तंतोतंत पाळलं. पाना ठेवला, फडक्याला हात पुसले आणि निघाला चहाकडे! कट्ट्यापाशी पोचल्यावर तोंडाशी दोन्ही हात धरून साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "भावोजी! तुम्हालाही आणू का?"

सगळ्या पॅकिंगने माना वळवून भावोजी कोण ते बघितलं.

इकडे पट्टा लोखंडी चौकटीला घासायला लागला. जळक्या रबराचा वास सुटला. साहेब मला काहीतरी सुनवायला तरातरा निघाले, त्यांचा पाय वडीवर पडला आणि ते बाईंच्या देखत फतकल मारून साबणात बसले! उठले, जणू बसायचंच होतं असा चेहरा केला आणि पँट धुवायला बाथरूममध्ये शिरले.

आणि हिने लाल बटण दाबलं.

लाइन थांबली. जे होऊ नये म्हणून ही रात्रभर कूस बदलत होती, नेमकं तेच तिला स्वतःच्या हाताने करावं लागलं. ते बघून मला फार वाईट वाटलं. इतकं, की मी स्टुलावरून उतरलो.

मेहुण्याला तिने चहासकट बोलावलं. "तुला काय सांगितलं होतं?"

"साहेबांकडचा आवळ."

"मग?"

"आवळला की! पार शेवटपर्यंत!"

"कुठला?"

त्याने चहाच्या बाजूला, केबिनकडे बोट केलं. "तो काय. साहेबांकडचा."

"अरे गाढवा!" मी उसळलो. "साहेब तिकडे कुठे? साहेब इकडे!" आणि बाथरूमकडे हात केला.

त्याने दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसा बोलला, "भावोजी, ते बाथरूम आहे."

"असू दे! साहेब तिथेच! पहिल्यापासून तिथेच!"

तेवढ्यात दार उघडलं आणि ओली पँट झटकत साहेब बाहेर आले.

"आहेत की!" मेहुणा म्हणाला.

बाई हसल्या. चष्मा काढून, डोळे पुसून हसल्या. साहेब हसले नाहीत.

ही मात्र सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "पट्टा मी थांबवलाय. खाली पडलेली एकही वडी तुमच्या खोक्यात जाणार नाही. त्या बाजूला काढते, पट्टा मध्ये आणते आणि मग सुरू करते. थोडा वेळ लागेल." मग भावाकडे वळली. "आवळलेला आधी सोड. पाना धर, कप ठेव! आता बाथरूमकडचा आवळ. थोडासाच."

पट्टा पुन्हा सुरू झाला. सगळे उभे राहून बघत होतो. पट्ट्याला समजायला वेळ लागला, पण समजलं. हळूहळू सरकत तो ड्रमाच्या मधोमध आला आणि तिथेच चालत राहिला. मला एक अक्षर ओरडावं लागलं नाही.

जाताना बाई साहेबांना म्हणाल्या, "ऑर्डर देते. पण लाइनवर या बाई हव्यात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि या भावोजींना पट्ट्यापासून जरा लांब ठेवा."

तर आता ही लाइनची प्रमुख आहे. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या! तिचा पहिला हुकूम माझ्यावरच सुटला. पट्ट्याच्या चौकटीची एक बाजू पिवळी रंगवा, दुसरी निळी. यापुढे साहेब नाहीत आणि चहा नाही. रंगवली! दोन्ही बाजू मी स्वतः, सुबक.

पण कुणी पिवळी-निळी म्हणत असेल तर शपथ. हल्ली पट्टा कुठल्याही कडेला सरकला, तरी हॉलभर एकच आरोळी उठते, "भावोजी झाला रे!" परवा तर साहेबांच्या तोंडूनही तेच ऐकलं.

कारखान्याचं एक वेळ ठीक आहे. पण काल ही पलंगावर चादर घालत होती. मी दारात उभा. तिने चादरीकडे बघितलं, मान वाकडी करून पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "भावोजी झालीय बघा. जरा ओढा."

सख्खी बायको! मी मुकाट्याने पुढे झालो आणि चादर ओढली.

चुकीच्या कडेने.