बांड्या बोकडाच्या अभिनयाची रीतसर दखल

रीळ पहिले

पुरस्कार ही संस्था मुळात देणाऱ्याच्या समाधानासाठी निर्माण झालेली आहे. घेणाऱ्याचा तिच्याशी संबंध येतो, नाही असे नाही. पण नारळाचा पूजेशी येतो तेवढाच. हे समजायला मोठमोठ्या शहरांना पिढ्या लागतात. करंजवाडीला एक जत्रा पुरली.

भुकूम ओलांडून पौडकडे निघाले की रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला ही वाडी लागते. वाडीत वीज नव्हती, दवाखाना नव्हता. रस्ता मंजूर होता (आणि मंजूर असल्यामुळे तो करण्याची निकड उरली नव्हती). मात्र चित्रपटांविषयीच्या मतांची वाडीला कधी टंचाई भासली नाही. दर चैत्रात म्हसोबाच्या जत्रेला कुशाबाचा सिनेमाचा तंबू येई. मधोमध पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. त्यामुळे वाडीतल्या समस्त पुरुषांच्या मते नायक उजव्या हाताने तलवार चालवी, समस्त बायकांच्या मते डाव्या, आणि या प्रश्नावरून निदान दोन घरांत नवराबायकोची बोलाचाल बंद होती.

अशा या रसिक वाडीत सर्वांत पोचलेला रसिक म्हणजे म्हसू धनगर. तो शेरडं-मेंढरं राखी, आणि राखता राखता विचार करी. शेरडांना त्याचे विचार पटत, कारण ती मान हलवीत.

आदल्या साली मुळशीच्या तलावाकाठी एक सिनेमा कंपनी उतरली होती. एक ग्रामीण सामाजिक चित्र काढायचे होते. त्यात नायिकेच्या घरावर जप्ती येते, आणि जप्तीत गेलेल्या बोकडाच्या गळ्यात पडून ती रडते, असा मोठा हृदयद्रावक प्रसंग होता. बोकड पुण्याहून आणायला कंपनी विसरली. म्हसू जवळच होता. त्याच्याजवळ बांड्या होता.

बांड्या म्हणजे काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला बोकड. त्याची आई त्याला जन्म देऊन मेली, तेव्हा म्हसूच्या बायकोने, तुकाबाईने, त्याला दुधात भिजवलेल्या चिंधीवर जगवले होते. तो झोपडीत झोपे. इतर शेरडांकडे तो पाहुण्यांकडे पाहावे तसे पाही. त्याला विकायचा नाही आणि कापायचा नाही, हे त्या घरात ठरलेले होते.

सकाळभर चित्रीकरण झाले. नायिका रडली. बांड्याने तिच्याकडे पाहिले, एकदा बेंबाटला, आणि तिच्या पदराचे टोक खाल्ले. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आले (पदर भाड्याचा होता).

वर्षाने मुंबईत पुरस्कार जाहीर झाले.

रीळ दुसरे

(हे रीळ अर्धे जळालेले आहे. उरले आहे तेवढे देत आहोत.)

...गेणबाने पौड रस्त्यावरच्या हॉटेलात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवले. गेणबा जत्रा कमिटीचा सभासद असल्यामुळे छापलेले वाचण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. नायिकेला उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार. नायकाला पुरस्कार. दिग्दर्शकाला पुरस्कार. ध्वनिमुद्रकालाही पुरस्कार.

"ध्वनी... म्हंजी?" म्हसूने विचारले.

"आवाज धरनारा. यंत्रात आवाज धरतोय त्यो."

म्हसूने कपबशी खाली ठेवली. "ज्यानं आवाज धरला त्येला बक्षीस, आन् ज्यानं काढला त्येला न्हाई?"

"अरं, पर त्यो बोकड हाय."

"मंग? त्या बाईनं डोळ्यात काय घालून रडू आनलं, मी सवता बगितलंय. बांड्याच्या डोळ्यात कुनी काय घातलं व्हतं का? आन् बांड्या पयल्यांदाच उभा ऱ्हायला व्हता. ती इस शिनेमे केलेली..."

...अशी त्याची इतरही मते होती. चित्रात जो मार खातो त्याला पुरस्कार द्यावा. मारणारा काय, कोणीही मारतो. जो पहिल्या दहा मिनिटांत मरतो त्याला द्यावा, कारण पुढचे सगळे त्याच्याच जिवावर चालते. आणि ज्या नायकाला पुरस्कार मिळाला त्याने धनगराची भूमिका करताना काठी धरली होती ती...

(येथे रीळ संपूर्ण जळाले आहे. काठी कशी धरली होती हे आता कळणे नाही.)

रीळ तिसरे

म्हसूने आपले गाऱ्हाणे जत्रा कमिटीपुढे नेले. करंजवाडीत सर्व गाऱ्हाणी जत्रा कमिटीपुढेच जात, कारण दुसरी कमिटी नव्हती. अध्यक्ष हैबतराव. सगळ्यांत जास्त जमीन त्यांची, त्यामुळे सगळ्यांत जास्त समज त्यांची, हे ओघानेच आले.

हैबतरावांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मुंबईनं न्याय केला न्हाई, ही गोष्ट खरी. पर करंजवाडी हाय का न्हाई जिती?"

कमिटीने एकमताने ठराव केला की बांड्या बोकड याच्या अभिनयाची वाडी स्वतंत्रपणे दखल घेत आहे आणि येत्या जत्रेत त्याला जाहीर मान देत आहे. म्हसूने डोक्याचे मुंडासे काढून डोळे पुसले.

आता मान कोणता? येथे कमिटीचा कस लागला. शाल सुचवली गेली. पण सत्कारमूर्ती ती जागच्या जागी खाईल आणि तो शालीचा नव्हे, कमिटीचा अपमान ठरेल. फेटा शिंगांत टिकेना (करून पाहिले). प्रशस्तिपत्राची गत शालीसारखीच. नारळ दिला तर तो फोडायला माणूस लागेल, आणि मग मान फोडणाऱ्याचा होईल. एकेक करून सर्व मान बाद झाले, आणि तर्कशास्त्राच्या नियमाने एकच उरला. करंजवाडीत बोकडाला मिळू शकणारा सर्वांत मोठा मान. वाजंत्री, हार, हळदकुंकू, सगळ्या गावाची मिरवणूक, आणि म्हसोबापुढे पहिली जागा.

म्हणजे मानाचा बोकड.

हा मान पिढ्यान्‌पिढ्या हैबतरावांच्या भावकीचा. दर साली पहिला बोकड त्यांच्या गोठ्यातला. हैबतराव उठले, आणि जड आवाजात म्हणाले, "कलेपुढं भावकी काय मोठी न्हाई. औंदा आमचा बोकड मागं घेतो. म्हसूचा फुडं जाऊ द्या."

एवढा त्याग वाडीने पूर्वी पाहिला नव्हता. गेणबाला हुंदका आला. म्हसूने हैबतरावांचे पाय धरले. हैबतरावांचा बोकड त्या वेळी गोठ्यात कडबा खात होता. त्याला पुढे कित्येक दिवस या त्यागाची कल्पना नव्हती.

मध्यंतर

"अवं, काय म्हनाली कमिटी?"

"मान दिला! अगं, बांड्याला मान दिला! हैबतरावानं आपला सोडला आन् आपल्या बांड्याला दिला!"

"कंचा मान?"

"मानाचा बोकड."

तुकाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. चुलीजवळ बांड्या पीठ चाटत होता.

"मानाच्या बोकडाचं काय करत्यात," ती म्हणाली, "त्ये तुमास्नी ठावं हाय न्हवं?"

म्हसूला ठाऊक होते. वाडीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होते. पण 'मान' हा शब्द असा आहे की तो कानात शिरला की पुढचा शब्द बाहेर उभा राहतो.

"तुमी जावा," तुकाबाई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जावा आन् सांगा, आमास्नी नगं. ह्यो जत्रंतनं परत आला न्हाई तर तुमीबी येऊ नगा."

(मध्यंतर संपले. प्रेक्षकांनी जागेवर बसून घ्यावे.)

रीळ चौथे

म्हसू परत कमिटीपुढे उभा राहिला. आता त्याला एकच गोष्ट सिद्ध करायची होती: की बांड्याने भिकार काम केले आहे. वर्षभर ज्याने अख्ख्या मुलखाला त्या कामाची थोरवी सांगितली, त्याच तोंडाने.

"हैबतराव, मी चुकलो. त्येचं काम काय बरं न्हवतं."

"असं कसं? तूच म्हनलास."

"त्यो सारखा क्यामेऱ्याकडं बगत व्हता."

"धीट हाय," हैबतराव म्हणाले. "लिवा, गेणबा. धीट."

"ती बाई रडतीया आन् ह्यो आपला चरतोय!"

"दुख गिळतोय त्यो. आमच्या थोरल्या चुलत्याचंबी तसंच व्हतं. कुनी मेलं की जेवायचे."

"बेंबाटला त्योबी चुकून. माशी बसली व्हती नाकावर."

"माशी कुनाच्या नाकावर बसत न्हाई? पर येळंवर बेंबाटतं कोन?"

म्हसू जितके वाईट सांगे तितकी कमिटी गहिवरे. शेवटी गेणबाने हे सारे कलावंताच्या घरच्यांची नम्रता म्हणून इतिवृत्तात नोंदवले आणि नम्रतेबद्दल एक जादा हार मंजूर झाला.

तेव्हा म्हसूने अखेरचे अस्त्र काढले. "त्यो बांड्या न्हवताच! शिनेमातला बोकड दुसराच हाय. मी खोटं बोललो."

कमिटी गंभीर झाली. भलत्याच बोकडाला मान दिला तर म्हसोबा कोपेल, आणि तो कमिटीच्या अध्यक्षांपासून सुरुवात करतो असा अनुभव होता. ठरले असे की जत्रेच्या आदल्या दिवशी कुशाबाच्या तंबूत तेच चित्र लागणार आहे. सर्वांनी प्रत्यक्ष पाहावे आणि पडद्यावरच्या बोकडाचे पट्टे मोजून निर्णय घ्यावा. पट्टे बांड्याचे निघाले तर मान कायम. न निघाले तर मान परत हैबतरावांच्या गोठ्यात.

रीळ पाचवे

कुशाबाचा तंबू भरला. बांड्याला मोजणीसाठी पुरुषांच्या बाजूला बांधले होते. पडद्यापलीकडे पुढेच तुकाबाई बसली होती. पट्टे बांड्याचेच होते हे म्हसूइतके कोणालाच माहीत नव्हते.

आता कुशाबाविषयी दोन शब्द. कुशाबा हा चित्रपट व्यवसायातला सर्वांत प्रामाणिक संकलक. फीत यंत्रात अडकून तुटली की तो तुटका भाग कात्रीने कापून टाकी आणि उरलेली दोन टोके चिकटवी. गावोगाव फिरून त्याची चित्रे आटोपशीर होत. त्याच्याजवळ एक पौराणिक चित्र होते, त्यात युद्ध उरलेच नव्हते. दोन्ही सैन्ये समोरासमोर येत आणि लगेच शंख वाजे.

प्रसंग आला. जप्तीचे लोक आले. नायिका धावत अंगणात आली. तिने दोन्ही हात पसरले, हंबरडा फोडला, आणि


नायिकेचे लग्न लागले. अक्षता पडल्या. सनई वाजली.

बोकड नव्हता. पट्टा नव्हता, शिंग नव्हते, शेपटीचा गोंडासुद्धा नव्हता.

मग हैबतराव उठले. आपल्या गोठ्यातल्या बोकडाची आठवण होऊन त्यांचा चेहरा पडला होता, पण अध्यक्षाला शोभेल अशा आवाजात ते म्हणाले, "म्हसू, तुजंच खरं. बोकड न्हाई. मान रद्द."

पडद्यापलीकडे तुकाबाईने इतका मोठा श्वास सोडला की पडदा हलला आणि नवरदेवाच्या पोटाला बाक आला.

बांड्या वाचला होता. म्हसूने आता फक्त उठायचे, दावे सोडायचे, आणि घरी जायचे होते. तो उठलाही. दाव्याची गाठ त्याच्या हातात होती.

तेवढ्यात गेणबा शेजारच्याला म्हणाला, "बक्षीस उगंच दिलं न्हाई बाबा त्या बाईला. म्होरं कुनी नसताना रडली बग. नुसत्या हवेला मिठी मारून!"

"लई भारी," शेजारी म्हणाला. आणि तंबूत टाळ्या पडल्या. नायिकेसाठी.

म्हसूचा हात गाठीवर थांबला.

"घरी चला," पलीकडून तुकाबाईचा आवाज आला. पडदा असल्यामुळे तिला काही दिसत नव्हते. पण एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याची पाठ कशी ताठ होते हे तिला ऐकू येत होते. "अवं, ऐकताय का? घरी चला!"

"हवेला न्हाई!" म्हसू ओरडला. "हवेला न्हाई मिठी मारली तिनं! हितं बांड्या व्हता! कापलाय त्येला, ह्या कुशाबानं कापलाय! तिच्या म्होरं माजा बांड्या उभा व्हता म्हनून तिला रडू आलं!"

आणि यंत्राच्या झोतात शिरून तो गुडघ्यांवर आणि हातांवर उभा राहिला. त्याने मान तिरकी केली. वर पाहिले, जसे बांड्याने पाहिले होते. हळूहळू चघळले. नाकावर माशी बसली. ती कोणाला दिसली नाही, पण बसलेली सर्वांना कळली. आणि मग तो बेंबाटला. त्याची सावली पडद्यावर, लग्नाच्या मांडवात, नवरीच्या पायाशी उभी होती. दोन्ही बाजूंच्या लोकांना ती दिसली, आणि करंजवाडीत प्रथमच पुरुषांचे आणि बायकांचे एका गोष्टीवर एकमत झाले.

लोक ढसाढसा रडले. कुशाबाने यंत्र थांबवले. खांबाला बांधलेला बांड्या म्हसूकडे बघून बेंबाटला, आणि दोन्ही आवाज तंतोतंत एक होते. याहून मोठा पुरावा कोणत्या कमिटीला हवा असतो?

मान कायम झाला. (भूमिका म्हसूनेही केली असल्यामुळे मान नेमका दोघांपैकी कोणाला द्यावा, असा प्रश्न एका सभासदाने काढला. चार पायांची अट असल्याने तो निकालात निघाला.)

शेवटचे रीळ

सकाळी वाजंत्री लागली. बांड्याला दोन हार घातले, दुसरा नम्रतेबद्दलचा. पहिला त्याने मिरवणुकीत खाल्ला. म्हसू पुढे चालत होता. लोक त्याला वाट देत होते, हैबतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते कशाचे हे त्याला कोणी विचारले नाही. तुकाबाई झोपडीचे दार लावून बसली होती.

म्हसोबापुढे बांड्याच्या डोक्यावर पाणी शिंपडले. त्याने अंग झाडले. परंपरेनुसार ही बोकडाची संमती समजली जाते. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बांड्याच्या कारकिर्दीतल्या त्या पहिल्याच टाळ्या.

दुपारी वाटे पडले. मानाच्या बोकडाचा वाटा घरटी देण्याची पद्धत आहे. परगावच्या, पण मनाने सामील झालेल्या पाहुण्यांनाही तो मिळतो. तंबूत म्हसूचा हात दाव्याच्या गाठीवर थांबला, तेव्हा तो गपचूप घरी गेला असता तर गोष्ट वाया गेली असती, असे ज्या वाचकांना वाटले, त्यांचा वाटा काढून ठेवलेला आहे.

येताना भांडे घेऊन यावे.